मला धरून

नाशिक
६ जानेवारी २०२५

साधने,

ख्रिस्तात सलाम. नवीन वर्षाचा वेगळा सलाम यातच धर.

फोन करण्यात अर्थ नाही. पाड्यावर रेंज नसते, आणि असली तरी तुझे कान गेलेले. मागच्या वेळी मी अर्धा तास ओरडले, तू नुसतं हो हो केलंस. म्हणून चिट्ठी. जीपवाल्या भारतच्या हाती देते आहे. सोबत दोन स्वेटर आहेत, पाळकसाहेबांच्या बायकोने दिलेत. एकाची कोपरं गेलीत. ते घरात दुसऱ्या कुणाला दे. उलटं करशील म्हणून आधीच सांगते, चांगलं तू घे.

माझं तेच चाललंय. चर्च झाडायचं, घंटा वाजवायची, कुलूप लावायचं, मागच्या खोलीत येऊन पडायचं. काल वर्षातला पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, सगळ्यांना ब्रेडचा तुकडा आणि पेल्यातला द्राक्षरस. सकाळी ब्रेड कापला. कडा काढायच्या आणि बोटाच्या पेराएवढे चौकोन करायचे. कडा मी चहात बुडवून खाते. डॉक्टरने साखर सांगितल्यापासून चहा फिका असतो, कडा पण फिक्याच लागतात. रजिस्टरात बेचाळीस नावं आहेत, तुकडे एकेचाळीस. नऊ वर्षांत एक कमी पडला नाही की एक उरला नाही. जो आजारी असतो त्याचा पाळकसाहेब घरी नेऊन देतात. चौथी नापास बाईचा हिशेब आहे म्हणावं.

एक गंमत सांगते. शनिवारी नाताळचा तारा काढला, झिरमिळ्या काढल्या. संध्याकाळी बघते तर पुसलेल्या फरशीवर रक्ताचे ठिपके, दारापासून वेदीपर्यंत. कोण पाय न पुसता आलं म्हणून मी मोठ्याने शिव्या दिल्या. मग कळलं, पाय माझाच. झिरमिळीची टाचणी चप्पल फोडून बोटात घुसली होती. सकाळपासून असणार. मला काही कळलंच नाही. टाचणी काढली, परत डबीत ठेवली. पुढच्या नाताळाला लागेल.

तुझी,
चिमणा

*

पाडा, हरसूलजवळ
१४ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

सलाम. स्वेटर मिळाले. चांगलं मीच घातलंय, घालूनच लिहिते आहे, म्हणजे तू रागवायला नको.

टाचणीची गंमत मला गंमत वाटली नाही. दिवसभर बोटात टाचणी आणि कळत नाही, असं कसं? आमच्या अंगणवाडीत पोरांना साधा काटा लागला तर पाडा डोक्यावर घेतात. मला ऐकू येत नाही, पण तोंडं दिसतात. तू दवाखान्यात दाखव. साखरेवाल्यांनी पायाला जपायचं असतं, इथल्या नर्सबाईंनी सांगितलंय.

ताई, सहादू भाऊजी गेल्यापासून तू दगडासारखी झालीस. तुझं दुःख मला समजतं. नऊ वर्षं झाली, पण तू त्यांना अजून मनातून सोडलं नाहीस. तू कधी मोकळेपणी रडलीच नाहीस. ते आत साचलंय.

आणि एक विचारू? नावं बेचाळीस आणि तुकडे एकेचाळीस, तर उरलेला माणूस कोण? ते वाचून मला आई आठवली. आई भाकरी थापायला बसली की विचारायची, किती जण? मोजायचं काम तुझं. तू सांगायचीस सात. आपण आठ होतो. रोज एक भाकर कमी पडायची आणि तू म्हणायचीस, मला भूक नाही. आईला कितीतरी वर्षं वाटायचं, हिला मोजता येत नाही.

तुझी,
साधना

*

नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

साधने,

मला मोजता येत होतं. मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं, एवढंच.

तो एक माणूस कोण, याची तुला काय पंचाईत? एक जण प्रभूच्या मेजाला येत नाही. त्याचं त्याला माहीत. मी मागे घंटेच्या दोरीजवळ असते. पाळकसाहेब येऊन दोनच वर्षं झालीत, त्यांना वाटतं मी माझा तुकडा मागेच घेते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता तुला कळलं. कुणाजवळ बोलायचं नाही.

पाय ठणठणीत आहे. बोटाला जरा काळं पडलंय, मी चिंधी बांधते. दुखत नाही. दुखत नाही त्याचा दवाखाना कशाला करायचा?

इथे वेगळाच ताप झालाय. चर्चमध्ये वास येतो आहे. उंदीर मेलाय कुठेतरी. मी सगळी बाकं सरकवली, बाजाची पेटी उघडून बघितली, वेदीखालचा गालिचा काढून उन्हात टाकला. उंदीर काही सापडत नाही. पाळकसाहेबांची साक्षी, कॉलेजात जाते ती, म्हणाली, "चिमणामावशी, फिनेल जास्त टाकत जा ना." मी म्हटलं, "बाटली पालथी केलीय बाई, आता मी स्वतःच पिते उरलेलं." माझ्या खोलीत पण वास आहे. जिथे जाते तिथे आहे. म्हणजे एक नाही, दोन-तीन मेले असणार.

आणि दुःखाचं मला सांगू नको. तो गेला तेव्हा मला काही वाटलं नाही. साचलंबिचलं काही नाही. तुला तसं वाटून घ्यायचं असेल तर घे.

नागली कशी झाली यंदा? लिहिलं नाहीस.

चिमणा

*

पाडा
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

उंदीर नाही. तो तुझा पाय आहे.

भारतने सांगितलं. मला कागदावर लिहून दिलं त्याने, आणि मी वाचेपर्यंत समोर उभा राहिला. चिट्ठी द्यायला तू स्टँडवर आलीस तेव्हा चिंधी सुटली होती म्हणे. बोट काळं, आणि वर माशी बसलेली. "माशी हलत नव्हती आणि मावशी माझ्याशी गाडी उशिरा आली म्हणून भांडत होती," असं लिहिलंय त्याने. त्या दिवशी तो जेवला नाही.

माझा राग आला तरी ऐक. मागच्या दिवाळीत मी तुझ्याकडे राहिले होते. चर्चच्या मागचा नळ गळत होता. तुला झोप लागेना. सकाळ झाल्याबरोबर जाऊन वॉशर आणलंस आणि पाना घेऊन स्वतः बसवलंस. म्हणालीस, देवाचं घर आहे, गळकं राहता कामा नये. ताई, आपला देह पण त्याचंच घर आहे ना? हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, वचनातच आहे. तू त्याचीही राखणदार आहेस. तिथे का नाही वॉशर बसवत? गळतीवर चिंधी बांधून उंदीर शोधत बसायचं, हे कुठलं राखणं?

आणि तो एक माणूस तूच, हे मला कळलं होतं. कडा खातेस आणि तुकडा खात नाहीस. का?

दवाखान्यात जा. हात जोडते.

नागली बरी झाली. तुझ्यासाठी एक पायली बाजूला ठेवलीय.

साधना

*

नाशिक
४ मार्च २०२५

साधने,

भारतला म्हणावं, जीप चालव, लोकांचे पाय बघत फिरू नको.

दवाखान्यात गेले होते. सरकारी. नंबर लागायला सकाळची दुपार झाली. डॉक्टर पोरगाच होता, नाकाला मास्क होता तरी मान वळवून बोलला. बोट काढावं लागेल, याच आठवड्यात. उशीर केला तर पाऊल, अजून उशीर केला तर गुडघा. मी म्हटलं विचार करते. विचार काही करणार नाही, ते त्याला सांगायचं म्हणून सांगितलं. त्यांनी धुऊन पट्टी बांधली. मोठी सुई टोचून विचारत होता, कळतंय का, कळतंय का. मी खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, कधी टोचणार आहेस ते टोच ना एकदाचं. तो म्हणाला, "चार वेळा टोचली आजी."

तू का विचारलंस. तर लिहिते. एकदाच लिहिते, परत विचारायचं नाही.

तो चार वर्षं पडून होता. दारूने काळीज खाल्लेलं. चांगला होता तेव्हा मारायचा, पडला तेव्हा शिव्या द्यायचा. मी त्याचं सगळं केलं. हागणं-मुतणं केलं. ते तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

मार्च महिनाच होता, दुपार होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तो आतून म्हणाला, पाणी. मी ऐकलं. माझे कान चांगले आहेत. परत म्हणाला, चिमणे, पाणी दे. मी मनात म्हटलं, एवढं सूप होऊ दे. तांदळात खडे नव्हते. तरी मी निवडत बसले. तिसऱ्यांदा काही आवाज आला नाही. मी सूप पुरं केलं, तांदूळ डब्यात ओतले, डब्याला झाकण लावलं. मग पेला भरला आणि आत गेले. तो संपला होता. डोळे दाराकडे होते. पेल्यातलं पाणी मी परत माठात ओतलं.

मग तुम्ही सगळे आलात. बाया म्हणाल्या, धक्का बसलाय हिला. धक्काबिक्का काही नव्हता. मातीला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की माठ झाकायचा राहिला.

महिन्याभराने प्रभुभोजन आलं. तेव्हाचे पाळक म्हणाले, प्रत्येकाने आधी स्वतःला पारखून बघावं, मग यावं. मी पारखून बघितलं. ज्या बाईने माणसाला पेलाभर पाणी दिलं नाही ती कुठल्या तोंडाने प्रभूचा पेला घेणार? मी उठले आणि मागे जाऊन बसले. दुसऱ्या महिन्यापासून ब्रेड कापायचं काम मागून घेतलं. सगळ्यांचं करते. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणतात, करते. पलीकडच्या आजाऱ्याला डबा देते, साक्षीची ओढणी शिवून देते. माझं काही कमी नाही आणि मला काही नको.

ओट्यावरून आतल्या खोलीपर्यंत पाच पावलं होती. जो पाय तेव्हा उठला नाही तो आता गेला तर गेला.

बस. नागली तिकडेच खाऊन टाका.

चिमणा

*

पाडा
८ मार्च २०२५

ताई,

तुझी चिट्ठी तीनदा वाचली. मग चुलीत घातली. कुणी पाहिली नाही.

आधी माझी चूक. मी तुला लिहिलं की तू भाऊजींच्या दुःखात आहेस. माझ्या मनाने तुझ्यासाठी एक दुःख तयार केलं आणि तुला नेसवलं. ते तुझ्या मापाचं नव्हतं. मला माफ कर.

तू पाणी दिलं नाहीस ते वाईट झालं. मी त्याला चांगलं म्हणणार नाही. चार वर्षं तू पाणी दिलंस हे पण खरं, पण त्याने ती दुपार पुसली जाते असं मी म्हणणार नाही. पुसणं माझं काम नाही. तुझंही नाही. तिथेच तू चुकलीस ताई.

तू दर रविवारी घंटा वाजवतेस. या, क्षमा आहे, म्हणून लोकांना बोलावतेस. त्या एकेचाळिसात दारुडे आहेत, भावाची जमीन खाल्लेले आहेत, सुनेला छळणाऱ्या आहेत. तूच मला एकेकाचं सांगितलंस. त्यांच्यासाठी तू कडा काढून, नीट चौकोन करून तुकडे ठेवतेस. त्यांना क्षमा मिळते यावर तुझा विश्वास आहे. बेचाळिसाव्याला मिळत नाही हे कुणी ठरवलं? प्रभूने तर नाही. तू ठरवलंस, सुरी हातात घेऊन. चर्चची किल्ली तुझ्याकडे आहे, स्वर्गाची दिलेली नाही.

शेजाऱ्यावर प्रीती करते म्हणतेस. ती आज्ञा तू अर्धीच ऐकलीस. शेजाऱ्यावर स्वतःसारखी करायची आहे. तू स्वतःला वागवतेस तसं शेजाऱ्यांना वागवलंस तर नाशिकमधल्या अर्ध्या लोकांचे पाय कापावे लागतील. स्वतःवर प्रेम कर म्हणजे आरशासमोर नटून उभी राहा असं मी म्हणत नाही. तुझ्याकडे आरसा कुठे आहे? एवढंच म्हणते, पलीकडच्या खोलीतल्या बाईचा पाय असा असता तर तू काय केलं असतंस? शिव्या घालत तिला रिक्षात कोंबलं असतंस. तेवढंच स्वतःला कर. शिव्या पण घाल, माझी हरकत नाही.

ती पाच पावलं तू नऊ वर्षं चालते आहेस. पोहोचत नाहीस. पाय कापून पण पोहोचणार नाहीस.

मी मंगळवारी भारतच्या जीपने येते. चर्चच्या गेटवर बसेन. तू दवाखान्यात निघेपर्यंत उठणार नाही. पाहिजे तितकी ओरड. मला ऐकू येत नाही.

साधना

*

नाशिक, सरकारी दवाखाना
७ एप्रिल २०२५

साधने,

सलाम. पोहोचलीस ना नीट? तू परत गेल्याला दोन आठवडे झाले. खाटेवर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर खाटेला बोल.

आधी तक्रार. त्या दिवशी तू गेटवर बसलीस ती बसलीसच, पण पदर डोक्यावरून घेऊन का बसलीस? लोक भिकारीण समजले. एका बाईने तुझ्यापुढे केळं ठेवलं आणि तू ते खाल्लंस. मी आतून ओरडत होते, सगळी गल्ली बाहेर आली, तू केळ्याची साल नीट घडी करून बाजूला ठेवलीस. मग मी काय करणार? रिक्षा बोलवली. तुझ्यासाठी आले मी दवाखान्यात, माझ्यासाठी नाही. हे लिहून ठेव.

बोट गेलं. पाऊल राहिलं. अजून आठ दिवस ठेवणार आहेत.

काल पहिला रविवार होता. दुपारी पाळकसाहेब आणि साक्षी आले. साक्षीने ब्रेड कापला होता. मी विचारलं, "किती कापलेस?" म्हणाली, "बेचाळीस." मी म्हटलं, "चूक. एकेचाळीस असतात." म्हणाली, "मावशी, मी रजिस्टर समोर ठेवून कापले." मी म्हटलं, "म्हण बघू नावं." तिने पहिल्यापासून म्हटली, मी बोटांवर मोजत गेले. शेवटचं नाव चिमणाबाई. मी म्हटलं, "तिचा नसतो."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, "नऊ वर्षं." साक्षीला त्यांनी बाहेर पाठवलं. मग मी त्यांना सूप सांगितलं, तांदूळ सांगितले, डब्याचं झाकण सांगितलं. तुला लिहिलं तसंच, कमी नाही जास्त नाही. वाटलं आता वचन काढतील, अर्धा तास जाईल. त्यांनी काही काढलं नाही. त्यांचेच डोळे भरले, माझे नाही. मग उठले आणि स्टुलावरच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. म्हणाले, "चिमणाबाई, आधी हे प्या."

मी प्यायले. सगळा पेला प्यायले. मला तहान लागली होती, साधने. मला माहीतच नव्हतं.

मग त्यांनी प्रार्थना केली आणि रुमालातून तुकडा काढला. वेडावाकडा. एका बाजूला कड तशीच राहिलेली. त्या पोरीला सुरी धरता येत नाही, मी घरी आले की शिकवते. खाल्ला. द्राक्षरस पण घेतला, मनुकांचा होता, साखर नव्हती. रडू वगैरे आलं नाही. वाट बघू नको, आलं तर कळवीन.

पण आज सकाळची गोष्ट. सिस्टर पट्टी बदलायला आली, चिमटा लावला, आणि मी ओरडले. सगळा वॉर्ड उठून बसला. मला वाटलं दुसरंच कुणी ओरडलं. ती घाबरली नाही, उलट हसली. म्हणाली, "ओरडा आजी, दुखतंय म्हणजे तिथे जीव आहे." मी म्हटलं, "आजी कुणाला म्हणतेस गं, एक्कावन्नची आहे मी." तिने परत चिमटा लावला. परत दुखलं. लय दुखलं. अजून ठणकतंय, लिहिताना पण.

रविवारी भारत इकडे येणार आहे, त्याच्यासोबत ये. ती नागली ठेवली असशील तर भाकरी घेऊन ये. मी खाऊन टाका लिहिलं होतं, पण तू माझं कधी ऐकतेस? बाजूच्या खाटेवर ओझरची भिमाबाई आहे, तिच्याकडे कुणी येत नाही, तिला एक. साक्षीला एक, तिने कधी खाल्ली नाही म्हणते. त्या सिस्टरला एक, हात जड असला तरी. तुला एक.

आणि मोजशील तेव्हा मला धरून मोज.

तुझी ताई,
चिमणा